सवय, निवड आणि द्राक्षावरील केवडा

सांगलीहून तासगावकडे जाणारा रस्ता माधवनगर, बुधगाव, कवलापूर ही गावे मागे टाकीत द्राक्षाच्या प्रदेशात शिरतो. ऑक्टोबरची फळछाटणी उरकली की या पट्ट्यातील शेतीऔषधांच्या दुकानांत एक वाक्य हटकून कानी पडते: ‘बुरशीला औषधाची सवय झाली.’ वाक्य सुटसुटीत आहे, मराठीच्या प्रकृतीस धरून आहे आणि ज्या अनुभवातून ते निपजले तो अनुभवही खरा आहे. पहिल्या काही हंगामांत ज्या औषधाने केवडा हटला, तेच औषध पुढे पाण्यासारखे निष्प्रभ ठरते. तथापि त्या अनुभवाचा जो उलगडा या वाक्यात गृहीत धरलेला आहे, तो चुकीचा आहे. ही चूक केवळ शब्दाची असती तर तिच्याकडे काणाडोळा करता आला असता. येथे मात्र शब्दामागून कृती येते. सवय झाली असे मानणारा बागायतदार औषधाची मात्रा वाढवितो. घडले ते नैसर्गिक निवडीमुळे, हे ज्याच्या ध्यानात आले तो औषधच बदलतो. एकाचा खर्च वाया जातो आणि बहुधा घडही जातात.

म्हणून या एका वाक्याची फोड करीत नैसर्गिक निवडीचे स्वरूप पाहणे उद्बोधक ठरेल. सजीव परिस्थितीस अनुकूल कसे होतात, या प्रश्नाचे उत्तर पाठ्यपुस्तकांतून बहुधा दूरदेशीच्या पाखरांच्या व पतंगांच्या उदाहरणांनी दिले जाते. माधवनगरपासून तासाभराच्या अंतरात तेच उत्तर मांडवावरच्या पानांच्या खालच्या बाजूस पांढऱ्या लवेच्या रूपाने दिसत असते.

केवडा, अर्थात बागायतदारांच्या बोलण्यातील ‘डाऊनी’, हा रोग प्लास्मोपॅरा व्हिटिकोला नावाच्या सूक्ष्म जीवामुळे होतो. शास्त्रीय वर्गीकरणात हा जीव खऱ्या बुरशांत मोडत नाही. तपकिरी शेवाळांशी त्याचे नाते अधिक जवळचे आहे. पण व्यवहारात तो बुरशीच, आणि येथेही त्यास बुरशीच म्हटले आहे. उत्तर अमेरिकेतील रानद्राक्षांवर त्याची मूळ वस्ती. तेथून तो १८७८ च्या सुमारास फ्रान्समध्ये पोहोचला आणि युरोपातील द्राक्षमळ्यांची त्याने दाणादाण उडविली. बोर्डो परिसरात रस्त्याकडेच्या वेलींवरील घड वाटसरूंनी तोडू नयेत म्हणून मोरचूद व चुना यांचे मिश्रण शिंपडण्याची चाल होती. असे विद्रूप केलेले वेल मात्र रोगातून वाचतात, हे १८८२ मध्ये मिलार्दे या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या नजरेस आले आणि १८८५ मध्ये बोर्डो मिश्रणाची कृती प्रसिद्ध झाली. चोरांसाठी केलेला उपाय रोगावर लागू पडला, असे विज्ञानाच्या इतिहासात अधूनमधून घडते.

या बुरशीच्या बीजाणूंना पाण्याची पातळ फिल्म हवी असते. तीत पोहत ते पानाच्या रंध्रापर्यंत जातात. म्हणूनच सांगली जिल्ह्यात छाटणीनंतरची कोवळी फूट आणि परतीचा वा अवकाळी पाऊस यांची गाठ पडली की रोगाचा भडका उडतो. २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमधील पावसाने महाराष्ट्रातील द्राक्षबागांची जी हानी केली, तीत या रोगाचा वाटा मोठा होता. हवा अनुकूल असली तर एका बीजाणूपासून नवे बीजाणू तयार होण्यास साधारण आठवडाभर पुरतो. हा आकडा ध्यानात ठेवण्याजोगा आहे. पुढे तो उपयोगी पडेल.

१९९६ पासून या रोगावर एका नव्या वर्गाची औषधे बाजारात आली. सुचिपर्णी वृक्षांच्या शंकूंवर उगवणाऱ्या स्ट्रोबिल्युरस नावाच्या एका लहानशा छत्रीपासून मिळणाऱ्या द्रव्याच्या धर्तीवर ती घडविलेली असल्याने त्यांना स्ट्रोबिल्युरिन म्हणतात. बुरशीच्या पेशीत श्वसनाचे जे यंत्र असते, त्यातील सायटोक्रोम-बी या प्रथिनाच्या एका खोबणीत औषधाचा रेणू जाऊन बसतो व श्वसन थांबवितो. ही औषधे अत्यंत प्रभावी होती. परंतु चारपाच वर्षांच्या आतच युरोपातील द्राक्षमळ्यांत ती निकामी होऊ लागली आणि कारण शोधता आढळले ते विलक्षण लहान होते. सायटोक्रोम-बीच्या साखळीत १४३ व्या स्थानी ग्लायसीन असावयाचे, तेथे ॲलानीन आले होते. जनुकाच्या लिपीत पाहिले तर तीन अक्षरांच्या संकेतातील मधले एक अक्षर बदललेले: ग्वानिनच्या जागी सायटोसिन. एवढ्याने खोबणीचा आकार असा होतो की औषधास तेथे बसता येत नाही. श्वसन मात्र चालू राहते. महाराष्ट्रातील बागांमधून घेतलेल्या नमुन्यांतही हाच बदल पुणे जिल्ह्यातील मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राच्या संशोधकांना आढळला आहे.

आता मूळ वाक्याकडे वळू या. ‘बुरशीला औषधाची सवय झाली’ या रचनेत ‘बुरशी’ हे पद चतुर्थीत आहे. ‘मला चहाची सवय झाली’, ‘बैलाला जुवाची सवय झाली’ ही वाक्ये त्याच साच्यातील. या साच्याची एक अट अशी की, ज्यास सवय झाली तो अनुभवक आरंभी व अखेरीस एकच असला पाहिजे. जो बैल पहिल्या दिवशी जुवाखाली मान झटकीत होता, तोच महिन्यानंतर निमूट चालतो. बुरशीच्या बाबतीत ही अट पाळली जात नाही. ज्या बीजाणूंवर पहिली फवारणी झाली ते मेले. त्यांना कशाचीही सवय झाली नाही. आज पानावर जे आहेत, ते मेलेल्यांचे वंशजही नव्हेत. ‘बुरशी’ हे नाम एकवचनी असले तरी अर्थाने समूहवाचक आहे, आणि समूहाचे घटक पालटले तरी नाम तेच राहते. व्याकरणाने दिलेली ही सोय येथे दृष्टीआड पडदा धरते.

एक सादृश्य घेतले तर मुद्दा स्पष्ट होईल. समजा, माधवनगरात एके काळी ‘करायलाय’ असे म्हणणारे लोक बहुसंख्य होते आणि पन्नास वर्षांनी ‘करतोय’ म्हणणारे बहुसंख्य झाले. ‘माधवनगरची बोली बदलली’ हे विधान त्यावर करता येईल. पण हा बदल दोन सर्वस्वी भिन्न मार्गांनी घडू शकतो. एक तर जी माणसे ‘करायलाय’ म्हणत होती, त्यांनीच शाळा, नोकरी वा नभोवाणी यांच्या प्रभावाने आपली रूपे पालटली. किंवा कोणीही आपले रूप पालटले नाही. जुने रूप बोलणारे वारले वा गाव सोडून गेले आणि पहिल्यापासून दुसरे रूप बोलणाऱ्यांची घरे वाढली. भाषेत बहुधा दोन्ही मार्ग एकत्र चालतात. पहिल्या मार्गास सवय म्हणता येईल. नैसर्गिक निवडीचा मार्ग मात्र केवळ दुसरा: व्यक्ती बदलत नाही, व्यक्तींचे प्रमाण बदलते.

तरीही एक शंका उरते. औषधाच्या माऱ्यामुळेच तर तो बदल बुरशीत उत्पन्न झाला नसेल ना? या शंकेचे निरसन जोशुआ व एस्थर लेडरबर्ग या दांपत्याने १९५२ मध्ये जिवाणूंच्या संदर्भात फार सुंदर रीतीने केले. एका थाळीत, औषधाचा स्पर्श नसलेल्या माध्यमावर, जिवाणूंच्या अनेक वसाहती वाढविल्या. त्यांवर मखमलीचा तुकडा दाबून त्याचा ठसा औषध मिसळलेल्या अनेक थाळ्यांवर उमटविला. बहुतेक वसाहती मेल्या. ज्या वाढल्या त्या सर्व थाळ्यांत एकाच जागी वाढल्या. औषधाने बदल घडविला असता तर प्रत्येक थाळीत तो निरनिराळ्या जागी दिसता. मूळ थाळीतील त्याच जागेवरचे जिवाणू, ज्यांनी औषध कधी पाहिलेच नव्हते, तपासले असता तेही औषधास दाद न देणारे निघाले. बदल आधी होता. औषधाने तो केवळ उघडकीस आणला.

मग औषध हंगामभर चालून एकाएकी निकामी का होते? कारण प्रमाणाच्या गणितात आहे. कल्पना करा की दहा लाख बीजाणूंत एक बदललेला आहे, आणि प्रत्येक पिढीत फवारणीनंतर साध्या बीजाणूंपैकी दहांत एक तगतो, बदललेले सर्व तगतात. बदललेल्यांचे साध्यांशी असलेले प्रमाण दर पिढीस दसपट होईल: एकास दहा लाख, मग एकास एक लाख, मग एकास दहा हजार. पाचव्या पिढीअखेर ते एकास दहा झालेले असते, आणि तोवर औषध चांगलेच काम करीत असल्याचा बागायतदाराचा समज असतो. सहाव्या पिढीत दोन्ही समसमान होतात. सातव्या पिढीत साधे बीजाणू अकरांत एक उरतात. पिढी आठवड्याची धरली तर पाच आठवडे काहीच दिसत नाही आणि पुढच्या दोन आठवड्यांत सारे संपते. हे आकडे मुद्दाम सोपे घेतले आहेत. प्रत्यक्षात चाल याहून मंद व वेडीवाकडी असते. पण ‘सवय झाली’ असे वाटावयास लावणारी जी आकस्मिकता, ती या गणितातूनच उद्भवते.

‘सवय’ हा शब्द जीवसृष्टीच्या अभ्यासात सर्वत्र टाकाऊ आहे, असा मात्र याचा अर्थ नव्हे. सातारा जिल्ह्यातील चाळकेवाडीचे पठार या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. गळ्याखाली निळ्या-काळ्या-नारिंगी रंगांची पंख्यासारखी झोळी असलेला सरडा तेथे राहतो. २०१६ मध्ये त्याला ‘सराडा सुपर्बा’ हे शास्त्रीय नाव मिळाले. त्यातील प्रजातिनाम मराठी ‘सरडा’ या शब्दावरून घेतलेले आहे. या पठारावर पवनचक्क्या उभ्या राहिल्यानंतर शिकारी पक्षी तेथे फिरकेनासे झाले. मारिया ठाकर, अमोद झांबरे व हर्षल भोसले यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार पवनचक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी जवळजवळ चौपटीने कमी आणि सरडे अधिक दाट आढळले. शिवाय तेथील सरड्यांच्या रक्तात ताणाशी निगडित संप्रेरक कमी होते आणि माणूस बराच जवळ येईपर्यंत ते पळत नव्हते. येथे ‘सरड्यांना निर्भयतेची सवय झाली’ हे वाक्य खरे असू शकेल, कारण एकेक सरडा आपल्या हयातीत आपले वर्तन बदलू शकतो. पण भित्र्या सरड्यांची पिछेहाट होऊन धीटांची पैदास वाढली असणेही अशक्य नाही. दोहोंतील निवाडा करावयाचा तर दोन्ही भागांतील अंडी एकाच परिस्थितीत उबवून पिल्लांचे वर्तन ताडून पाहावे लागेल. नुसत्या निरीक्षणावरून क्रियापद ठरविता येत नाही.

आता दुसरा शब्द: ‘निवड’. तो पारिभाषिक असल्यामुळे निर्दोष असेल अशी अपेक्षा असते. पण तोही कर्त्याची छाया घेऊनच येतो. कर्ता असलेली निवड कशी असते, त्याचे उदाहरण तासगाव तालुक्यातच आहे. बोरगाव येथील वसंतराव आर्वे यांना थॉम्पसन सीडलेस जातीच्या बागेत वेगळ्या धाटणीच्या मण्यांची एक फूट आढळली. ती त्यांनी हेरली, राखली, काड्या लावून वाढविली. तीच ‘तास-ए-गणेश’ ही जात. येथे पाहणारा डोळा आहे, हेतू आहे, पसंती आहे. डार्विनने १८५९ मधील आपल्या ग्रंथाचा आरंभ नेमका अशाच निवडीपासून, कबुतरे पाळणाऱ्यांच्या उद्योगापासून केला आणि मग तेच पद निसर्गास लावले. परिणामी वाचक निसर्गातही कोणी आर्वे शोधू लागले. निसर्ग पसंती करतो काय, अशी टीका झाल्यावर १८६१ च्या तिसऱ्या आवृत्तीत डार्विनने हे पद रूपकात्मक आहे असा खुलासा केला; १८६० मध्ये लायेलला लिहिलेल्या पत्रात तर पुन्हा आरंभ करावयाचा झाल्यास ‘निवड’ऐवजी ‘जतन’ या अर्थाचा शब्द योजला असता, अशी कबुली दिली. १८६६ मध्ये वॉलेसने या पदाऐवजी स्पेन्सरचे ‘योग्यतमाचा टिकाव’ हे पद सुचविले आणि १८६९ च्या पाचव्या आवृत्तीत डार्विनने ते जोडीस घेतले. त्याने दुखणे हटले नाही, जागा बदलली. मराठीत तर या पदाचा अर्थ सर्रास ‘बळी तो कान पिळी’ या म्हणीने सांगितला जातो, आणि तो पूर्णतः विपरीत आहे. १४३ व्या स्थानी ॲलानीन असलेली बुरशी कोणाहून बलवान नसते. ती कोणाचा कान पिळीत नाही. औषधाच्या सान्निध्यात ती मरत नाही, इतकेच. फवारणी नसेल तेथे त्या ॲलानीनचा तिला काडीचाही लाभ नाही.

मराठीत ‘निवडणे’ या धातूचा एक घरगुती उपयोग आहे आणि तो पारिभाषिक उपयोगापेक्षा या संकल्पनेच्या अधिक जवळ जातो. ‘तांदूळ निवडणे’ म्हणजे उत्तम दाणे वेचून काढणे नव्हे, तर खडे काढून टाकणे. जे उरतात ते तांदूळ. निवडणाऱ्या हातांचे लक्ष खड्यांवर असते. हातही वजा केले आणि चाळणी घेतली, तर साम्य आणखी वाढते, कारण चाळणीस कसलीच पसंती नसते. मात्र चाळणीचा दृष्टांतही अर्ध्यावर थांबतो. तीतून उरलेले दाणे पुढच्या वेळी दुप्पट होऊन येत नाहीत. नैसर्गिक निवडीचे बळ उरण्यात नाही, उरून प्रसवण्यात आहे. यासाठी मराठीतील ‘तगणे’ हे अकर्मक क्रियापद फार सोयीचे आहे. ‘निसर्गाने निवडले’ या सकर्मक रचनेत ‘ने’ प्रत्ययाचा कर्ता उभा करावाच लागतो. ‘जे तगले त्यांची वीण वाढली’ या रचनेत तो लागत नाही, आणि सांगावयाचे काहीच सुटत नाही.

‘अनुकूलन’ ही संज्ञा त्या मानाने सुदैवी म्हटली पाहिजे. ‘कूल’ म्हणजे तट; तटास धरून जाणारे ते अनुकूल. कृष्णेचे पाणी काठाच्या वळणाने जाते, पण काठ पाहून वळत नाही. याच कल्पनेसाठी वापरला जाणारा ‘जुळवून घेणे’ हा वाक्प्रचार मात्र ‘घेणे’ या सहायक क्रियापदामुळे स्वहितदक्ष कर्ता आपसूक आत आणतो. ‘उत्क्रांती’तील ‘उत्’ हा उपसर्ग वर चढण्याची भावना जागवितो. वेदान्तात तर या शब्दाचा अर्थ जीवाचे देहातून निघून जाणे असा आहे. मराठी विश्वकोशाने ‘क्रमविकास’ असा पर्याय स्वीकारला, परंतु ‘विकास’ही चढाच. सध्या या संज्ञा बदलणे शक्य नाही आणि आवश्यकही नाही. त्या वापरताना त्यांचा कल ओळखला म्हणजे पुरे.

बुरशी अशी पिढीपिढीने पालटत असता द्राक्षवेल काय करीत असतो? जवळजवळ काहीच नाही, आणि या कथेतील खरी विषमता येथे आहे. बिनबियांची द्राक्षे बियांपासून वाढत नाहीत. काडी लावून किंवा डॉगरिजसारख्या खुंटावर कलम बांधून वेल तयार होतात. एका जातीचे एकरोएकर उभे वेल म्हणजे जनुकदृष्ट्या एकाच वेलाचे विस्तार होत. क्वचित एखाद्या डोळ्यातून वेगळी फूट निघते, तास-ए-गणेश तशीच निघाली. पण तीही माणसाच्या नजरेस पडली आणि बाजारात विकली जाण्याजोगी असली तरच पुढे जाते. भेद नाहीत तेथे निवडीस काम नाही. अमेरिकेतील रानद्राक्षांनी या बुरशीसह युगे काढली, म्हणून त्यांत रोगास तोंड देणारे वाण आढळतात. बागेतील वेलांना मात्र हा मार्ग बंद आहे. त्यांच्या वाट्याचे अनुकूलन बागायतदारास करावे लागते आणि तो ते फवारणीच्या पंपाने करतो.

म्हणून फवारणीसंबंधीचा विचार या गणिताशी जुळला पाहिजे. सवयीच्या कल्पनेप्रमाणे मात्रा वाढविली तर काय होईल? १४३ व्या स्थानाचा बदल इतका निर्णायक आहे की दुप्पट मात्रेनेही औषधास खोबणीत बसण्यास जागा मिळत नाही. जे थोडे साधे बीजाणू शिल्लक होते ते तेवढे मरतात आणि बदललेल्यांना रान मोकळे होते. दुसरा उपाय म्हणजे औषध बदलणे. तो तत्त्वतः बरोबर आहे. पण येथे पर्यायशब्दांचा घोटाळा आडवा येतो. ॲझॉक्सीस्ट्रोबिन, क्रेसॉक्सिम-मिथाइल, ट्रायफ्लॉक्सीस्ट्रोबिन, पायराक्लोस्ट्रोबिन ही नावे चार, डबे चार, किमतीही चार, खोबण एकच. इतकेच नव्हे, तर स्ट्रोबिल्युरिन वर्गात न मोडणारे फॅमोक्झाडोनही तेथेच जाऊन बसते. एकास दाद न देणारी बुरशी सर्वांनाच दाद देत नाही. बुरशीनाशकांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात या सर्वांना ११ हा एकच गटांक दिलेला आहे. औषधाचे नाव पाहण्यापेक्षा हा अंक पाहणे अधिक अर्थपूर्ण आहे; शब्दकोशात दहा प्रतिशब्द सापडले तरी अर्थ एकाचाच लाभतो, तसे हे आहे.

याउलट बोर्डो मिश्रणातील तांबे किंवा मॅन्कोझेब यांचा आघात बुरशीच्या पेशीत एका ठिकाणी होत नाही, अनेक ठिकाणी होतो. त्यातून तगण्यासाठी अनेक बदल एकाच बीजाणूत एकदम असावे लागतील, आणि तसा योग जुळणे अत्यंत दुर्मीळ. १८८५ पासून आजवर केवड्यासमोर तांबे निष्प्रभ झालेले नाही, त्याचे मर्म हेच. अर्थात तांबे निर्दोष नाही: ते जमिनीत साठत जाते आणि कोवळ्या फुटीस जाळू शकते. म्हणूनच एका खोबणीवर नेम धरणारी औषधे हंगामात मोजक्या वेळा, बहुस्थानी औषधाच्या जोडीने आणि भिन्न गटांतील औषधांशी आलटूनपालटून वापरावीत असा सल्ला दिला जातो. जोडीमुळे एका औषधातून तगलेले दुसऱ्याने मरतात आणि दसपटीचा गुणाकार मंदावतो. पण बागेतील बहुतेक बीजाणू आधीच बदललेले असतील, तर जोडीतील ११ गटाचा भाग केवळ खर्चाचा उरतो. ही दक्षता परिणामकारक ठरते ती बदललेल्यांचे प्रमाण एकास दहा हजार वा एकास हजार असताना, म्हणजे औषध उत्तम चालले आहे असे दिसत असताना, आणि दुकानात ‘सवय झाली’ हे वाक्य अद्याप कोणी उच्चारलेले नसताना.